अळीचा फोटो चांगला की वाईट, हे ठरवायचं कसं?

समजा, तुमच्यासमोर दोन फोटो ठेवले. पहिल्यात रुईच्या फुलावर बसलेलं फुलपाखरू आहे. सकाळचं कोवळं ऊन, मागे हिरवट-पिवळी धूसर पार्श्वभूमी, पंखांच्या कडा उजळलेल्या. दुसऱ्यात मक्याच्या पोंग्यात बसलेली एक मळकट अळी आहे. पानावर उन्हाचा चट्टा पडलाय, कोपऱ्यात कुणाचं तरी बोट आलंय, फ्रेमही वाकडी. यातला चांगला फोटो कोणता?

बहुतेक जण पहिल्याकडे बोट दाखवतील. आता दुसरा फोटो जरा मोठा करून बघा. अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट खूण स्पष्ट दिसते. शेपटीकडच्या एका वळ्यावर चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले दिसतात. झालं, ओळख पटली. ही अमेरिकन लष्करी अळी. फुलपाखराच्या सुंदर फोटोत मात्र मागच्या पंखाचा नेमका महत्त्वाचा भाग फुलाआड गेलाय आणि त्यामुळे प्रजाती सांगता येत नाही. आता सांगा, चांगला फोटो कोणता?

माझं पीएच.डी.चं काम याच प्रश्नाभोवती फिरतं. विषयाचं अधिकृत नाव जरा भारदस्त आहे: 'संदर्भ-प्रतिमेविना प्रतिमेच्या गुणवत्तेचं मूल्यमापन'. सोप्या भाषेत सांगायचं तर, तुलनेसाठी 'आदर्श' फोटो हाताशी नसताना समोरचा फोटो कितपत चांगला आहे, हे संगणकाला सांगता येईल का? त्यातही माझा रस जवळून काढलेल्या फोटोंमध्ये आहे. कीटक, फुलं, पानावरचे डाग, खोडावरच्या खुणा.

हा नुसता छंदाचा विषय नाही. बुलढाणा जिल्ह्यात कपाशी, सोयाबीन, मका, हरभरा ही पिकं मोठ्या प्रमाणावर होतात. दर पावसाळ्यात गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अळ्यांचे फोटो पडायला लागतात आणि खाली एकच प्रश्न असतो: "भाऊ, हे कोन्ती अळी हाय? कोन्तं औषध मारू?" या प्रश्नाला मिळणारं उत्तर फोटोवर अवलंबून असतं. फोटो धूसर असेल तर उत्तर अंदाजे येतं. अंदाजाने फवारणी होते, पैसे जातात, मित्रकीटक मरतात आणि फवारणाऱ्याच्या अंगावर विष उडतं ते वेगळंच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने किमान २० शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणं होती: औषधांची मिश्रणं, संरक्षक साधनांचा अभाव, डोक्याएवढी वाढलेली कपाशी. पण एक गोष्ट साधी आहे. जी फवारणी करायची गरजच नव्हती, तिचा धोकाही विनाकारण पत्करलेला असतो.

म्हणून आज बघूया, जवळून काढलेल्या फोटोची पारख कशी करायची. आधी थोडं भौतिकशास्त्र, मग थोडा हिशोब, मग संगणक काय करतो ते, आणि शेवटी तुम्हाला आजच वापरता येईल अशी एक तपासणी.

जवळ गेलं की काय बदलतं?

ज्ञानगंगा अभयारण्यातल्या टेकडीचा फोटो काढताना समोरचं झाड आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट येऊ शकतात. पण त्याच कॅमेऱ्याने मुंगीचा फोटो काढायला गेलात तर मुंगीचा डोळा स्पष्ट येतो आणि पाय धूसर. असं का?

लेन्स एका वेळी एकाच अंतरावर नेमका फोकस करू शकते. त्या अंतराच्या थोडं पुढे-मागे जे असतं, ते आपल्या डोळ्यांना 'पुरेसं स्पष्ट' वाटतं. या पट्ट्याच्या जाडीला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. आपण तिला फोकसची खोली म्हणू. तुम्ही वस्तूच्या जितके जवळ जाल तितकी ही खोली झपाट्याने कमी होते.

आकड्यांत बघा. ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरचा, म्हणजे ज्याला फुल-फ्रेम म्हणतात तो कॅमेरा घेतला. मॅक्रो लेन्सने कीटक जितका मोठा आहे तितकीच त्याची प्रतिमा सेन्सरवर पाडली. छिद्र एफ ८ वर ठेवलं. अशा वेळी फोकसची खोली भरते सुमारे १ मिलिमीटर. हो, फक्त १ मिलिमीटर! ढालकिडा, म्हणजे तो लाल पाठीवर काळे ठिपके असलेला लेडीबर्ड भुंगा, ५ ते ७ मिलिमीटर लांब असतो. त्याचं तोंड समोरून स्पष्ट घेतलं तर पाठ धूसर होणारच. हा फोटोग्राफरचा दोष नव्हे, प्रकाशाचा नियम आहे.

मग छिद्र आणखी लहान करावं का? एफ १६ केलं तर खोली दुप्पट, म्हणजे जवळपास २ मिलिमीटर होते. पण इथे दुसरी अडचण उभी राहते. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. याला विवर्तन म्हणतात. शिवाय इतक्या जवळून फोटो काढताना एफ १६ हे प्रत्यक्षात एफ ३२ सारखं वागतं, आणि प्रकाशाचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर सुमारे ०.०४ मिलिमीटरचा ठिपका होऊन पडतो. 'स्पष्ट' मानण्याची आपली मर्यादा साधारण ०.०३ मिलिमीटर. म्हणजे सगळं फोकसमध्ये आलं, पण सगळंच थोडं मऊ झालं. एका हाताने मिळवलं, दुसऱ्या हाताने गमावलं.

तिसरा शत्रू वारा. फुलाची दांडी सेकंदाला फक्त १ सेंटिमीटर वेगाने हलतेय असं धरा. शटर १/१०० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात फूल ०.१ मिलिमीटर सरकतं. हे आपल्या मर्यादेच्या तिप्पटीहून जास्त आहे. तोच फोटो १/४०० ने काढला तर सरकणं ०.०२५ मिलिमीटरवर येतं आणि वाचतं. म्हणून अनुभवी लोक पहाटे, वारा पडलेला असताना निघतात. दव, कोवळं ऊन वगैरे नंतरचं. खरं कारण पडलेला वारा.

मोबाइलचं काय? मोबाइलचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे त्याच चौकटीत फोकसची खोली जास्त मिळते. हा त्याचा मोठा फायदा. तोटा असा की ठरावीक अंतरापेक्षा जवळ नेला तर मुख्य कॅमेरा फोकसच करू शकत नाही. लोक उत्साहाने मोबाइल अळीला टेकवतात आणि मागचं पान लख्ख, अळी मात्र धुक्यात, असा फोटो येतो. त्यापेक्षा वीतभर मागे या, दुप्पट झूम करा आणि अळीवर बोट टेकवून फोकस लावा.

पिक्सेलचा साधा हिशोब

फोटो चांगला आहे की नाही, हे बघण्याआधी एक भागाकार करायची सवय लावून घ्या. जी खूण दाखवायची आहे, तिच्या वाट्याला किती पिक्सेल आले?

लष्करी अळीचंच उदाहरण घेऊ. ही अळी २०१८ साली भारतात प्रथम कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. पूर्ण वाढलेल्या अळीचं डोकं साधारण अडीच मिलिमीटर रुंद असतं. समजा, तुमचा मोबाइल ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो काढतो आणि तुम्ही फूटभर रुंदीचा, म्हणजे ३०० मिलिमीटरचा भाग चौकटीत घेतला. मग दर मिलिमीटरला सुमारे १३ पिक्सेल मिळाले आणि डोक्याच्या वाट्याला ३३ आले. आता हा फोटो व्हॉट्सॲपने पाठवताना लहान होऊन १६०० पिक्सेल रुंदीचा झाला असं धरा. डोक्याला उरले १३ पिक्सेल. तेरा पिक्सेलमध्ये वाय ओळखायचा म्हणजे ढगात हत्ती शोधण्यासारखं आहे.

आता तीच अळी ६० मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत घ्या. डोक्याला मूळ फोटोत १६७ पिक्सेल, लहान झाल्यावरही ६७. खूण दिसते. मोबाइल तोच, अळी तीच, फक्त चौकट बदलली. म्हणजे 'माझा मोबाइल भारी नाही' ही सबब इथे फारशी चालत नाही. आणि फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलात तर तो मूळ आकारातच पोचतो.

संगणकाला धूसरपणा कसा कळतो?

धूसर फोटो आपल्याला बघताच कळतो. संगणकाकडे मात्र फक्त आकड्यांचा तक्ता असतो. प्रत्येक पिक्सेलचा उजेड ० ते २५५ या आकड्यांत लिहिलेला. यातून स्पष्टपणा कसा काढायचा?

एक जुनी आणि सोपी युक्ती आहे. कुठलाही पिक्सेल घ्या. त्याच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असलेल्या चार शेजाऱ्यांची बेरीज करा आणि त्यातून त्या पिक्सेलची चौपट वजा करा. समजा मधला आकडा १२० आणि शेजारी ११८, १२१, ११९, १२०. बेरीज ४७८, वजा ४८०, उत्तर उणे २. म्हणजे इथे सगळं सपाट आहे. आता शेजारी ४०, १२२, ११८, १२१ असतील तर बेरीज ४०१, वजा ४८०, उत्तर उणे ७९. म्हणजे इथे कड आहे, अचानक बदल आहे. या क्रियेला लाप्लासियन म्हणतात. सगळ्या फोटोभर ही उत्तरं काढायची आणि ती किती विखुरलेली आहेत ते मोजायचं. स्पष्ट फोटोत कडा ठळक असतात म्हणून विखुरणं जास्त, धूसर फोटोत कमी.

युक्ती छान आहे, पण जवळून काढलेल्या फोटोत ती तीन ठिकाणी फसते.

पहिलं, चांगल्या मॅक्रो फोटोत चौकटीचा मोठा भाग मुद्दाम धूसर असतो. विषय उठून दिसावा म्हणूनच ती पार्श्वभूमी मऊ ठेवलेली असते. संगणक मात्र अख्ख्या चौकटीची बेरीज-वजाबाकी करतो आणि उत्तम फोटोला 'धूसर' म्हणून नापास करतो.

दुसरं याच्या उलट. फोकस चुकून मागच्या काळ्या मातीवर गेला, ढेकळं आणि खडे लख्ख आले, अळी मात्र पुसट. ढेकळांत कडाच कडा. संगणक खूश, पैकीच्या पैकी गुण!

तिसरं, संध्याकाळच्या अंधारात काढलेल्या फोटोत रवाळपणा येतो. शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये उगाच फरक पडतो आणि संगणकाला ते बारकावे वाटतात. मोबाइल आपल्या मनाने कडा कृत्रिमपणे ठळक करतो, तेव्हाही हेच होतं.

उपाय काय? आधी विषय शोधा, मग मोजा. म्हणजे संगणकाने प्रथम 'चौकटीत कीटक कुठे आहे' हे ठरवायचं, त्याची बाह्यरेषा काढायची, त्यातही डोकं किंवा पंख यांसारखा महत्त्वाचा भाग वेगळा करायचा आणि स्पष्टपणा फक्त तिथे तपासायचा. बाहेर धूसर असेल तर असू दे. माणूसही हेच करतो. आपली नजर आधी डोळ्याकडे जाते. डोळा स्पष्ट असेल तर मागचे पाय धूसर असले तरी मन माफ करतं.

माणसांची मतं कशी मोजतात?

संगणकाने दिलेले गुण बरोबर की चूक, हे ठरवणार कोण? शेवटी माणूसच. त्यासाठी अनेक लोकांना फोटो दाखवून उत्तम, चांगला, बरा, सुमार, वाईट असे पाच पर्याय देतात. त्यांची सरासरी म्हणजे त्या फोटोचं 'सरासरी मत'. मग संगणकाची क्रमवारी आणि माणसांची क्रमवारी ताडून बघतात.

उदाहरणार्थ, पाच फोटोंना माणसांनी १, २, ३, ४, ५ असे क्रम दिले आणि संगणकाने २, १, ३, ५, ४. फरक १, १, ०, १, १. त्यांच्या वर्गांची बेरीज ४. सूत्रात घातलं की उत्तर येतं ०.८. दोन्ही क्रम तंतोतंत जुळले असते तर १ आला असता, पूर्ण उलटे असते तर उणे १. आमच्या क्षेत्रातले बरेचसे दावे याच एका आकड्यावर उभे असतात.

पण गोम अशी की, लोकांना कोणते फोटो दाखवले आणि कोणता प्रश्न विचारला, यावर सगळं ठरतं. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या प्रयोगशाळेने तयार केलेला एक गाजलेला संच आहे. त्यात २९ मूळ फोटो घेऊन ते मुद्दाम पाच प्रकारे बिघडवले होते. त्यात एक फुलपाखरूही आहे. पण तिथे बिघाड असायचा तो सगळ्या चौकटीभर सारखा. शेतातल्या फोटोत तसं नसतं. तिथे डोकं स्पष्ट आणि शेपूट धूसर, असा अर्धामुर्धा मामला असतो. २०१२ साली आलेली ब्रिस्क नावाची पद्धत आजही खूप वापरली जाते. ती फोटोतल्या उजेडाची आकडेवारी 'नैसर्गिक' फोटोंशी किती जुळते ते बघते. चौकटीचा बहुतेक भाग सपाट आणि मऊ असेल तर तिचाही गोंधळ उडू शकतो.

त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका संचात अडीच लाखांहून जास्त फोटो होते, तेही एका ऑनलाइन फोटो-स्पर्धेतून घेतलेले आणि लोकांनी गुण दिलेले. अशा संचावर शिकलेला संगणक सौंदर्य बऱ्यापैकी ओळखतो. पण स्पर्धेत मत देणाऱ्याला 'हा फोटो आवडला का?' असं विचारलेलं असतं. 'ही कोणती अळी?' असं कुणी विचारलेलं नसतं. आवड आणि ओळख या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. एका पट्टीने दुसरीचं माप काढायला गेलं की मक्याच्या पोंग्यातला तो वाकडा फोटो कचऱ्यात जातो.

ओळख पटवणारा फोटो

मग ओळखीसाठी चांगला फोटो कोणता? ज्यात ओळखीची खूण दिसते तो. आणि ती खूण प्रत्येक जीवाची वेगळी असते.

लष्करी अळीसाठी डोकं आणि शेपटीकडचा आठवा वळा, दोन्ही वरून दिसायला हवेत. बाजूने काढलेला कितीही देखणा फोटो अपुरा. सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्यासाठी भुंगा दिसलाच पाहिजे असं नाही. देठावर किंवा खोडावर त्याने पाडलेल्या दोन समांतर खाचा दिसल्या तरी पुरे. म्हणजे फोटो खोडाचा आणि बाजूने. गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत लपलेली असते. बाहेरून बोंडाचे दहा फोटो काढले तरी उपयोग नाही. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी डोमकळी टिपा आणि हिरवं बोंड फोडून आतला फोटो काढा.

इथे रंगाचीही एक मेख आहे. ही बोंडअळी लहानपणी गुलाबी नसते, पांढुरकी असते. गुलाबी छटा नंतर येते. उलट मावळतीच्या उन्हात किंवा लाल शर्टाच्या सावलीत कुठलीही पांढरी अळी गुलाबी दिसू शकते. म्हणून चौकटीच्या कडेला पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा. कागद पांढरा दिसला तर बाकीचे रंग विश्वासाचे.

रंग कुठवर साक्ष देतो, याचं आपल्या जिल्ह्यातलं मोठं उदाहरण लोणारचं. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि फोटो देशभर फिरले. फोटोंनी पाणी गुलाबी झालंय हे दाखवलं, पण का झालं ते सांगितलं नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले गेले तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचं कळलं. फोटोची हद्द कुठे संपते, हे माहीत असणं हाही पारखीचाच भाग.

आता शेताबाहेर येऊ. रुईच्या झाडाभोवती हमखास दिसणारं केशरी फुलपाखरू म्हणजे प्लेन टायगर. त्याच्या अळ्या रुईची विषारी पानं खातात, त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब तसंच रूप घेऊन फिरते. स्वतः विषारी नाही, पण सोंग पक्कं. दोघांत फरक कुठे? प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, सोंगाडीच्या मागच्या पंखावर वरच्या कडेजवळ एकच. म्हणजे अख्ख्या फोटोचं भवितव्य मागच्या पंखाच्या काही मिलिमीटरवर ठरतं. तो भाग फुलाआड गेला की फोटो भिंतीवर लावायला छान, नोंदीसाठी मात्र बाद.

वाघांच्या बाबतीतही तेच. २०१९ साली टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत ज्ञानगंगेत आलेला वाघ अनेकांना आठवत असेल. कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघाची ओळख अंगावरच्या पट्ट्यांवरून पटवतात आणि डाव्या-उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात. समोरून आलेला झकास चेहरा असेल आणि कुशी दिसत नसतील, तर त्यापेक्षा कुशीचा थोडा धूसर फोटो जास्त कामाचा.

आणखी एक इशारा. ढालकिड्याची अळी दिसायला काळपट, काटेरी, छोट्या मगरीसारखी असते. बघणाऱ्याला ती कीडच वाटते. प्रत्यक्षात ती मावा फस्त करणारी शेतकऱ्याची मैत्रीण. धूसर फोटोत ती 'काहीतरी काळी अळी' म्हणून जाते आणि औषधाखाली मरते.

आणि फोटो फक्त 'कोण' ते सांगतो, 'किती' ते सांगत नाही. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा तोडून बघितलेल्या २० बोंडांपैकी दोनांत अळी निघाली, तर उपाय करायची वेळ आली असं मानतात. एका अळीचा कितीही स्पष्ट फोटो ही मोजणी करू शकत नाही.

खरेपणा हीसुद्धा गुणवत्ताच

निसर्ग-छायाचित्रांच्या स्पर्धांत चौकट कापलेली सहसा चालते, उजेड थोडा कमी-जास्त केलेला चालतो, पण काही नवीन घालणं किंवा असलेलं पुसणं चालत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या प्रसिद्ध स्पर्धेत २०१७ साली एका विभागात जिंकलेला मुंगीखाऊचा फोटो पुढच्या वर्षी बाद झाला, कारण तो प्राणी पेंढा भरलेला असण्याची दाट शक्यता तज्ज्ञांना दिसली. फोटोत तांत्रिक खोट नव्हती. खोट खरेपणात होती.

कीटकांच्या बाबतीत ही फसवणूक आणखी सोपी. कीटक फ्रिजमध्ये गार करून सुस्त करायचा, डिंकाने फांदीवर चिकटवायचा, वर पाणी शिंपडून 'दव' दाखवायचं. अशा फोटोत जीवाची खरी वागणूक दिसत नाही आणि त्याचे हाल होतात ते वेगळेच. आता तर मोबाइलमधली प्रणाली धूसर भाग स्वतःहून 'सुधारते'. भिंतीवर टांगायच्या फोटोत हे खपेल. ओळखीच्या फोटोत नाही. नसलेले ठिपके यंत्राने काढून दिले, तर चुकीचं नाव अगदी आत्मविश्वासाने दिलं जाईल. धूसर फोटो निदान 'मला माहीत नाही' असं प्रामाणिकपणे सांगतो.

मग फोटो तपासायचा कसा?

पुढच्या वेळी तुमचा किंवा दुसऱ्याचा असा फोटो समोर आला, की या क्रमाने बघा.

१. हा फोटो कशासाठी? आवडीसाठी, स्पर्धेसाठी, की ओळखीसाठी? हे ठरल्याशिवाय गुण देऊ नका.

२. ओळखीची खूण चौकटीत आहे का? नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. एका फोटोत सगळं मावत नसेल तर वरून, बाजूने आणि पूर्ण झाडाचा, असे तीन घ्या.

३. फोकस खुणेवर आहे का? फोटो मोठा करून तेवढाच भाग बघा. पार्श्वभूमीकडे दुर्लक्ष करा.

४. धूसरपणा कसला आहे? मागचं काही स्पष्ट असेल तर फोकस चुकला. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात किंवा फूल हललं. सगळंच सारखं मऊ असेल तर छिद्र फार लहान, किंवा लेन्सवर बोटांचा ठसा. रोग कळला की औषध सोपं.

५. उजेड कसा आहे? भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडून ठिपके पुसले गेलेत का? असतील तर वहीच्या पांढऱ्या पानाने ऊन अडवून पुन्हा काढा. आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो पार्श्वभूमी पुसताना मिशा आणि पायही पुसतो.

६. मापाचा अंदाज येतो का? शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर. एक रुपयाचं नको. त्याची नाणी वेगवेगळ्या आकारांत आलेली आहेत, बघणाऱ्याचा घोटाळा होतो.

७. कुठे, कधी, कशावर? तारीख, गाव आणि पिकाचं किंवा झाडाचं नाव सोबत लिहा. आयनॅचरलिस्टसारख्या जागतिक नोंदवहीत फोटो कितीही सुंदर असला तरी ठिकाण आणि तारखेशिवाय ती नोंद संशोधनाच्या दर्जाची मानत नाहीत. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती गळून जाते, म्हणून ती हाताने लिहिलेली बरी.

८. फोटो काढताना जीवाला किंवा झाडाला इजा झाली का? झाली असेल तर गुण कापा. बोंड फोडणं पिकाच्या तपासणीसाठी ठीक, पण अभयारण्यात घरटं उघडं करणं अजिबात नाही.

या यादीत महागडा कॅमेरा कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. सौंदर्यही नाही. सौंदर्याला माझा विरोध नाही. ज्ञानगंगेच्या वाटेवरचं फुलपाखरू कुणी सुंदर टिपलं तर मीही थांबून बघतो. पण सुंदर फोटो बघून आपण 'वा' म्हणतो आणि पुढे जातो. अळीचा फोटो बघून मात्र कुणीतरी पंप पाठीवर घेणार की नाही, हे ठरतं. ज्या फोटोवर असा निर्णय अवलंबून आहे, त्याला गुण देताना संगणकानेही आणि आपणही आधी एवढंच विचारावं: ज्याला उत्तर हवंय, त्याला या फोटोतून ते मिळतं का?

सध्या शेतात जाणं होत असेल तर एक करून बघा. एकाच किड्याचे दोन फोटो काढा. एक तुम्हाला आवडेल असा आणि एक वरच्या यादीप्रमाणे. दोन्ही, नाव न सांगता, कृषी सहायकांना किंवा कीटकांची माहिती असलेल्या कुणालाही दाखवा आणि ओळख विचारा. कोणत्या फोटोवर त्यांनी चटकन नाव सांगितलं आणि कोणत्यावर "अजून एक पाठवा" म्हणाले, तेवढं बघा. गुणवत्ता मोजायची याहून स्वस्त पद्धत मला तरी अजून सापडलेली नाही.